भोंगा कुणी ऐकला?

४ जानेवारी

प्रिय आत्या,

एखादी गोष्ट रचलेली आहे हे पानोपानी कळत असतं, तरी ती हातातून सुटत का नाही? काल दुपारपासून हा प्रश्न मनात घोळतोय. सारखी उलटतपासणी घेते म्हणून तू मला वकीलबाई म्हणतेस, पण खरं सांगते, याचं उत्तर मला येत नाही.

झालं असं. ग्रंथालयात नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला. माझं काम काय, तर पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची आणि पुढचं उचलायचं. हे पुस्तक उचललं, चिठ्ठीला गोंद लावला, आणि सहज पहिलं पान उघडलं. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसले ती उठलेच नाही. डबा तसाच राहिला. शिपाईकाका किल्ल्या वाजवत आले आणि म्हणाले, "बाई, घरी जायचंय की इथेच क्रमांक घालून ठेवू तुम्हाला?" तेव्हा बघते तर गोंद बोटावर वाळलेला, चिठ्ठी अंगठ्याला चिकटलेली.

रहस्यकथा आहे. इतिहास शिकवणारी एक बाई, आरमारातून निवृत्त झालेला एक लंगडा अधिकारी, जुन्या नोंदवहीतलं फाडलेलं पान आणि तीन दिवसांची मुदत. प्रकरणं तीन-तीन पानांची. प्रत्येकाच्या शेवटी दार तरी वाजतं, दिवा तरी जातो, नाहीतर ज्याच्यावर विश्वास टाकला तोच खिशात हात घालतो. आता एवढंच, आता एवढंच, असं म्हणत मी साडेतीनशे पानं संपवली.

आणि त्यातला बंधारा आपला आहे, आत्या. नाव नाही, पण आपलाच. सेहेचाळीस वर्षांपूर्वी भोंगा न वाजता दरवाजे उघडले गेले, खालच्या आळीत पाणी शिरलं, एकोणीस माणसं गेली, हे सगळं जसंच्या तसं. माझ्या पदवीच्या प्रबंधाचा विषय तोच होता ना? लेखकांनी तो विद्यापीठात वाचला होता. मला दोनदा येऊन भेटलेही होते. पहिल्या पानावर त्यांनी आभार मानलेत, 'एका तरुण अभ्यासक मुलीचे'. आई ते पान सगळ्या शेजाराला दाखवून आली. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आता छापून आलेलीही पहिलीच.

एक प्रत तुला पाठवतेय. शेवट सांगत नाही. वाचताना बंधाऱ्यावरचा दरवाजावाला आपल्या आजोबांसारखा वाटला, तर ते आजोबा नाहीत एवढं लक्षात ठेव. ती कादंबरी आहे.

वाचून झालं की लगेच लिही.

तुझी,
वकीलबाई

.

१९ जानेवारी

चि. वकीलबाईंस,

पुस्तक मिळालं. मी असली पुस्तकं वाचत नाही, हे तुला दहा वेळा सांगितलंय. म्हणून आल्या आल्या ते कपाटावर फेकलं. चार दिवस तिकडे बघितलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी काज करायचे सदरे संपले, शिंपीणबाई दुपारी यायची होती, तोवर करायचं काय? स्टूल घेऊन चढले.

काय सांगू तुला. तहानलेलं जनावर पाण्यावर पडावं तशी पडले. भाजी करपली. दूध उतू गेलं. शिंपीणबाई आली ती दारातूनच म्हणाली, "अगं, घर पेटलंय का तुझं?" मी पुस्तक उशीखाली सारलं. ह्या वयात! तिला म्हटलं, डोळा लागला होता. ती कसली ऐकते, उशी उचलून बघितलंच तिनं. बारीक अक्षर तिला दिसत नाही, म्हणून म्हणाली, "मला वाचून दाखव." मी म्हटलं, "रटाळ आहे गं, झोप येते." ती म्हणाली, "हो, भाजी करपेपर्यंत आली होती ना झोप."

तुझ्या त्या अधिकाऱ्याचं मला नवल वाटतं. पाय लंगडा आणि एका दिवसात चार गावं पालथी घालतो. आमच्या घराच्या पायऱ्या चढताना माझे धडधाकट गुडघे बोलतात. आणि ती इतिहासाची बाई! मारेकरी मागे लागलेत आणि ही गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहून कमानीचं वय सांगते. शाळेत अशा बाई असत्या तर मी नापास झाले नसते.

फाडलेलं पान कुणाकडे आहे ते मी दोनशे दहाव्या पानावरच ओळखलं.

पुस्तकातल्या दरवाजावाल्याला मूलबाळ नाही. हे तुझ्या लेखकानं बरं केलं.

थंडीत कान झाकत जा. वहिनीला सांग, पापणी फडफडते त्याला औषध नाही, झोप हवी.

आत्या

.

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माझा जीव भांड्यात पडला! तू रागावशील म्हणून मी पंधरा दिवस पोस्टमनला बघून लपत होते. बाबा तर म्हणाले, "तिला ते पुस्तक पाठवलंस? तुझी अक्कल पदवीबरोबर चौकटीत लावून ठेवलीस का?" आता त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं.  माणसं जे वाचायला घाबरतात ते बहुतेक त्यांनी मनातच जास्त वाईट लिहून ठेवलेलं असतं.

शेवटी दरवाजावाला फितूर निघतो, पैलतीरावरच्या लोकांसाठी मुद्दाम दरवाजे उघडतो, हे अर्थातच रचलेलं. पण लेखकांचं म्हणणं असं, की माझ्याच प्रबंधात बीज आहे. एकसष्टाव्या पानावर. तुला आठवतं ना, मी ते कसं शोधलं? चौकशीत आजोबा म्हणाले होते, "भोंगा वाजला. मी स्वतः ऐकला." आणि मी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा बंधाऱ्यावर जाऊन उभी राहिले होते. पाणी सुटलेलं असलं की दरवाजे उघडायच्या चाकाच्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. भोंगा तर तिथून अर्धा कोस खाली, आळीच्या तोंडाशी खांबावर. तो तिथून ऐकू येणं शक्यच नाही. म्हणजे आजोबांचं वाक्य खोटं. मला ते लिहिताना वाईट वाटलं होतं, पण स्वतःच्या घरापाशी येऊन सत्य थांबवायचं, तर मग शिकायचं कशाला? परीक्षकांनी त्याच पानासाठी पारितोषिक दिलं.

लेखक म्हणाले, "माणूस खोटं का बोलला हे तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मला कादंबरी लिहिता आली."

आता बातमी. प्रकाशकांनी मला बोलावलं होतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय आणि तिच्या शेवटी 'खरं किती, रचलेलं किती' असं दहा पानांचं टिपण मी लिहायचं. ते जमलं तर संपादन विभागात कायमची नोकरी. आत्या, चिठ्ठ्या चिकटवणं संपेल! २८ मार्चला बंधाऱ्यावरच कार्यक्रम आहे. लेखक येणार, वाचकांची बस येणार, आणि मीही बोलणार. तुझ्याकडेच उतरेन.

त्या टिपणासाठी एक विचारायचंय. पाटबंधारे खात्याची जुनी नियमावली मिळाली. तिच्यात लिहिलंय की भोंगा वाजवल्यावर दुसऱ्या माणसानं वळणावर उभं राहून तो ऐकायचा आणि लाल निशाण दाखवायचं. ते बघितल्याशिवाय दरवाजावाल्यानं चाकाला हात लावायचा नाही. हा दुसरा माणूस कोण होता? चौकशीत त्याचं नावसुद्धा नाही. तुला काही आठवतं?

तुझी,
वकीलबाई

.

१ मार्च

चि. वकीलबाईंस,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तुझ्या कार्यक्रमाची वाट न बघता लोक यायला लागलेत. आधी दोघं-तिघं, आता रविवारी रीतसर घोळका. पुस्तक हातात धरून बंधाऱ्यावर चढतात. मग आमच्या घरासमोर उभे राहून फोटो काढतात. कुणीतरी त्यांना सांगितलं, फितुराचं घर हेच. मागच्या आठवड्यात एक बाई कडी वाजवून म्हणाली, "आत येऊन फक्त नोंदवही ठेवायची फळी बघू?" मी म्हटलं, "इथे फळी नाही, मी आहे." ती म्हणाली, "अय्या, तुम्ही पुस्तकात नाही."

भिंतीवर कोळशानं लिहून गेलेत, भोंगा कुणी ऐकला? पुस्तकातलंच वाक्य ना ते? मी पुसलं. परत लिहिलं. आता पुसत नाही.

पुढची खिडकी मी लावून घेतलीये. मागची तर कधीच उघडत नव्हते. नळावर सगळ्यांच्या आधी जाऊन येते. वाण्याकडे चिठ्ठी आणि पिशवी पायरीवर ठेवते, तो भरून ठेवतो. घरात चार खोल्या, पण दिवसभर मी एका चटईवर असते. सावली हलली की मी दचकते. कासवासारखं झालंय, पाठ बाहेर आणि बाकी सगळं आत.

शिंपीणबाई एकोणीस दिवस आलेली नाही. तिच्या सुनेनं तिला पुस्तक वाचून दाखवलं म्हणे, शेवटापर्यंत. सुनेच्या हाती निरोप आला, काज-बटणांसाठी दुसरी बाई बघितलीये. तिची धाकटी बहीण त्या पाण्यात गेली, हे तुला माहीत आहे. पाच वर्षांची होती. इतकी वर्षं रोज दुपारी ती सदरे घेऊन माझ्याकडे आली. त्या दिवसाबद्दल एक अक्षर कधी बोलली नाही, मी विचारलं नाही. म्हणून तर जमलं आमचं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दुसरं कुणी नव्हतं. पुन्हा विचारू नकोस.

उतरायला ये, पण मागच्या दारानं.

आत्या

.

६ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. हे सगळं माझ्यामुळे झालंय. मला वाटलं होतं, खरं शोधलं की कुणाचं वाईट होत नाही. असं कुणी मला शिकवलं तेही आठवत नाही.

काल संपादकांकडे गेले. म्हटलं, टिपणात मी स्वच्छ लिहिणार की खरा दरवाजावाला फितूर नव्हता. ते म्हणाले, "लिहा की. पण मग तो खोटं का बोलला? वाचक विचारेल. आमच्याकडे फितुरी आहे, तुमच्याकडे काय आहे?" मी उठायला लागले. ते म्हणाले, "बाई, रहस्य काढून घ्यायचं असेल तर बदल्यात उत्तर ठेवावं लागतं."

म्हणून परत चौकशीची कागदपत्रं काढली. पूर्वी शंभरदा वाचलेली. साहेब विचारतात, "घरात कोण होतं?" आजोबांचं उत्तर, "कुणी नव्हतं. मुलगा परगावी कारखान्यात आणि मुलगी शाळेत." हे वाक्य मी प्रबंधात तसंच उतरवलं होतं. काल पहिल्यांदा त्या वर्षाचं पंचांग काढून तारीख बघितली.

आत्या, त्या दिवशी रविवार होता.

पारितोषिक मिळालेल्या प्रबंधात मी वार बघितला नव्हता. साहेबांनी बघितला नाही, परीक्षकांनी बघितला नाही, लेखकांनी तर नाहीच. तू शाळेत नव्हतीस. आणि आजोबांना ते माहीत होतं. म्हणजे त्यांनी चौकशीत एक नाही, दोन गोष्टी खोट्या सांगितल्या. दोन्ही सांगायचं कारण एकच असेल, तर ते कारण घरात होतं.

तू कुठे होतीस?

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारण ते लिहिताना मला मजा वाटली. खरंच वाटली. शिडीवर बसून पान उलटताना वाटत होती तशीच, आता उलगडणार, आता सापडणार. आणि समोर कोण आहे? तू. एका चटईवर बसलेली. मला माझीच लाज वाटली. तरीही पत्र फाडलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस.

तुझी भाची

.

१७ मार्च

बाळ,

तू विचारलंस म्हणून नाही, मला आता पेलत नाही म्हणून लिहिते.

तो दुसरा माणूस होता. त्याची बदली झाली. कचेरी म्हणाली, नवा येतोय. दोन वर्षं तो येतच होता. तोवर अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, काय करायचं? दरवाजे तर उघडावेच लागायचे. आपल्या घराच्या मागच्या खिडकीतून आळीच्या तोंडाचा खांब दिसतो आणि भोंगा स्वच्छ ऐकू येतो. चाकाच्या खोलीबाहेरच्या जिन्यावरून ती खिडकी दिसते. अण्णा भोंग्याचं बटण दाबायचे, जिन्यावर यायचे आणि खिडकीकडे बघायचे. मी भोंगा ऐकला की लाल फडकं हलवायचं. मग ते शंभर आकडे मोजून चाकाकडे जायचे. मी दहा वर्षांची असल्यापासून हे काम माझं. मला फार मोठेपणा वाटायचा. अण्णा म्हणायचे, "मी हात, तू कान."

त्या रविवारी दुपारी मी खिडकीत बसले होते. वाचनालयातून आणलेलं रहस्याचं पुस्तक हातात होतं. अण्णाच आणून द्यायचे, त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मुखपृष्ठावर पिस्तूल दिसलं की ते माझ्यासाठी घ्यायचे. गोष्टीतला माणूस तळघरात कोंडला गेला होता आणि दाराशी कुणीतरी आलं होतं. कोण आलंय ते पुढच्या पानावर होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला अण्णा जिन्यावर आलेले दिसले.

माझ्या हातानं फडकं उचललं आणि हलवलं. सवयीनं. मी ऐकलं नाही. ऐकायला वाजलंच काही नव्हतं, खांबाची तार आदल्या दिवशीच तुटली होती, हे नंतर कळलं. पण काही वाजलं नाही, हेही मी ऐकलं नाही. मी पान उलटलं. दाराशी कोण होतं ते वाचलं. प्रकरण संपवलं. मग जो आवाज ऐकला तो भोंग्याचा नव्हता.

अण्णा घरी आले ते तिसऱ्या दिवशी. माझ्याकडे एकदाच बघितलं. विचारलं काही नाही. त्या दिवशी नाही, पुढं नऊ वर्षं जगले त्यात एकदाही नाही. चौकशीला जायच्या सकाळी आरशासमोर दाढी करताना ते पुटपुटत होते, "भोंगा वाजला, मी स्वतः ऐकला. भोंगा वाजला, मी स्वतः ऐकला." मी दाराआड होते. ते मात्र मी ऐकलं.

नंतर ते पुस्तक त्यांनी स्वतः नेऊन परत दिलं. येताना दुसरं आणलं, नेहमीसारखं, पिस्तुलाचं, आणि खिडकीत ठेवलं. मी ते उघडलं नाही. सात दिवसांनी ते तसंच परत घेऊन गेले. त्यानंतर आमच्या घरात गोष्टीचं पुस्तक आलं नाही, ते तू पाठवलंस तेव्हाच.

आणि मला ते आवडलं, हे तुला कसं सांगू? सेहेचाळीस वर्षं मी स्वतःला सांगत होते की ती गोडी माझ्यातून मेलीये, म्हणजे थोडीतरी शिक्षा भोगून झाली. तुझं पुस्तक उघडलं आणि अर्ध्या तासात मी परत त्या खिडकीत. दूध उतू गेलं आणि मला ऐकू आलं नाही.

मी गाव सोडलं नाही, लग्न केलं नाही, लोक म्हणतात बापाची लाज. बापाची लाज मला एक दिवस वाटली नाही. शिंपीणबाई इथे होती. तिच्या सदऱ्यांना काज करायचे, एवढंच माझ्याच्यानं होण्यासारखं होतं. तिनं आणलेल्या एकाही सदऱ्याला मी कधी उशीर केला नाही.

तुला टिपणात काय घालायचं ते तू बघ. सांग असं म्हणत नाही, सांगू नकोस असंही म्हणत नाही. माझ्याच्यानं ठरत नाही. सांगितलं तर मी गेले, नाही सांगितलं तर अण्णा पुन्हा गेले. बाहेर पडायला जे दार आहे ते शिंपीणबाईच्या घरासमोर उघडतं. आणि तिला सांगायचं धाडस असतं, तर हे पत्र तुला कशाला लिहिलं असतं?

आत्या

.

२८ मार्च

प्रिय आत्या,

मी गावात आहे. तुझ्या मागच्या दारानं आले नाही. हे पत्र खालच्या आळीत, शिंपीणबाईंच्या यंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहितेय. त्या समोर बसल्यात आणि मी काय लिहितेय ते अजिबात बघत नाही असं दाखवतायत.

आधी सकाळचं. कार्यक्रमाला शंभरेक लोक होते. लेखक छान बोलले, गर्दी खिळून होती. मग माझं नाव पुकारलं. मी टिपण वाचलं नाही. प्रबंधाचं एकसष्टावं पान वाचलं आणि म्हटलं, हे चूक आहे. आजोबा खोटं बोलले हे मी लिहिलं, पण तो दिवस कोणता होता एवढंही मी बघितलं नव्हतं. मग नियमावलीतलं कलम वाचलं. म्हटलं, भोंगा ऐकायला खात्यानं एक माणूस नेमायचा होता आणि दोन वर्षं तो नेमला नाही. ऐकणारं कुणी नेमलेलं नसताना एका माणसाला चाकापाशी उभं केलं. भिंतीवर तुम्ही विचारता, भोंगा कुणी ऐकला? हा प्रश्न त्या घराला विचारू नका, कचेरीला विचारा. मागून कुणीतरी ओरडलं, "मग तो ऐकला म्हणून का म्हणाला?" मी म्हटलं, "ते मला माहीत आहे. पण ते माझं नाही, म्हणून सांगणार नाही."

तुझं नाव घेतलं नाही. खिडकी म्हटलं नाही, मुलगी म्हटलं नाही.

खाली उतरले तेव्हा संपादक म्हणाले, "रहस्य मारलंत आणि उत्तरही खिशात ठेवलंत. आम्ही छापायचं काय?" दुसऱ्या आवृत्तीत टिपण नसेल. नोकरीही नाही. विद्यापीठाला कालच अर्ज दिला होता, प्रबंधाला चुकीची दुरुस्ती जोडा आणि पारितोषिक परत घ्या. मार्गदर्शक म्हणाले, असा अर्ज आजवर आलेला नाही, कुठल्या टेबलावर ठेवायचा तेही माहीत नाही. आईनं भिंतीवरची चौकट अजून काढलेली नाही. बाबांनी तुझं मागचं पत्र वाचलेलं नाही, पण माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आत्याचं काही आहे का?" मी हो म्हटलं. ते अंगणात जाऊन उभे राहिले.

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुझ्या घरावरून आले, खिडक्या तशाच लावलेल्या. शंभर लोकांना सांगून काय झालं? तू ज्यात कोंडली आहेस त्याची किल्ली त्या शंभरांत कुणाकडे नव्हती.

म्हणून आळीत उतरले. शिंपीणबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "तूच ना ती, लिहिणारी?" मी हो म्हटलं. "बस." बसले. बराच वेळ यंत्र चालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सून जाऊन ऐकून आली सकाळी. दुसरा माणूस नव्हता म्हणे."

"नव्हता."

"आणि बाप कुणाला तरी झाकत होता."

 त्यांनी धागा दातानं तोडला. म्हणाल्या, "घरात एक बारा वर्षांची पोर सोडून होतं कोण त्याचं? मी अडाणी असेन, खुळी नाही." मग एकदम चिडल्या. "पुस्तक ऐकल्यावर मला राग कसला आला माहीत आहे? तो फितूर निघाला त्याचा नाही. त्या लंगड्याच्या गोष्टीवर माझा कधी विश्वास बसला नव्हता. राग आला, की हिनं ते पुस्तक उशीखाली ठेवलं. म्हटलं, हिला काहीतरी ठाऊक आहे आणि मला रटाळ आहे म्हणून सांगते. इतकी वर्षं मी हिच्या दारात गेले, ही एकदा माझ्या दारात आली नाही. एकदा तोंड उघडलं नाही."

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

"मी का विचारू? बहीण माझी गेली."

त्यांना किती कळलंय, मला सांगता येत नाही. अर्धं असेल, सगळं असेल. मी कसलीच भर घातली नाही. पुढे काय व्हायचं तेही मला माहीत नाही. कदाचित त्या ऐकून घेतील आणि पुन्हा कधीच येणार नाहीत. तसं झालं तर त्याला मी जबाबदार, तू नाही.

आता मी काय केलंय ते सांगते. तू रागावशील. मी त्यांना म्हटलं, "आत्यानं तुम्हाला बोलावलंय."

तू बोलावलेलं नाहीस. सत्य, सत्य करत एवढी मोठी झाले आणि हे समजून-उमजून, डोळ्यांत बघून खोटं बोलले. त्यांनी विचारलं, "खरंच?" मी परत म्हटलं, "हो." दोनदा बोलले, म्हणजे तोंडातून निसटलं असंही म्हणता येणार नाही.

त्या उठल्यात. सुनेला भात उतरवायला सांगितला, केस सारखे केले, चपला शोधतायत. मी पाकीट चिकटवून हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. सांगून ठेवलंय, दाराच्या फटीतून सरकवायचं नाही, हातातच द्यायचं.

तुझी भाची